सांगलीच्या मुलांना त्यांच्या घरचा हिशेब वाचू द्या : बालपुस्तकांचे प्रकाशक आणि पुस्तक निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी बालपुस्तकांचे प्रकाशक, संपादक व अनुवादक,
तसेच शाळांच्या वाचनपेट्यांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात एकतीस वर्षे दिवाणजी म्हणून काम करतो. हळद आणि बेदाणा हा आमचा माल. कीर्द, खतावणी या हिशेबाच्या वह्या आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लिहिण्यात माझी उमर गेली. गेली सहा वर्षे दर शनिवारी दुपारी शहरातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना घेऊन मी पुस्तके वाचायला बसतो. यंदा जूनमध्ये त्या शाळेला देणगीतून बावीस पुस्तकांची एक पेटी मिळाली. 'उद्योजकता आणि पैशांचे व्यवस्थापन' हा तिचा विषय. आयुष्यभर ज्या विषयात वावरलो, त्याची पुस्तके मुलांच्या हाती येत आहेत म्हणून मला मनापासून आनंद झाला आणि ती वाचून दाखवण्याचे काम मी मागून घेतले. पाच महिने ती पुस्तके वाचल्यावर, आणि हाच संच आता आणखी शाळांसाठी निवडला जात असल्याचे कानावर आल्यावर, हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुलांना पैशांविषयी काही शिकवू नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उलट ते फार आधी शिकवायला हवे होते, असे माझे मत आहे. आमच्या लहानपणी शाळेत 'संचयिका' असे. दर शनिवारी चार आणे, आठ आणे घेऊन आम्ही रांगेत उभे राहायचो आणि गुरुजी छोट्याशा पुस्तिकेत आकडा लिहून सही करायचे. त्या पुस्तिकेतली जमा बाकी वाढताना पाहणे हे माझे जमाखर्चाचे पहिले शिक्षण. म्हणूनच तुमच्या पुस्तकांकडून माझी अपेक्षा मोठी होती, आणि म्हणूनच तक्रारही मोठी आहे.

पहिली तक्रार अनुवादाची. बावीसपैकी एकोणीस पुस्तके परदेशी पुस्तकांवरून केलेली आहेत आणि ती आपल्या मुलांसाठी करताना नावे बदलण्यापलीकडे फारसे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत. एका पुस्तकातला मुलगा घराच्या फाटकापुढे टेबल मांडून उन्हाळाभर लिंबूपाणी विकतो, ऐंशी रुपये साठवतो आणि त्या पैशांत नवी सायकल घेतो. मुळात ते ऐंशी डॉलर असणार. अनुवादकाने खूण बदलली आणि आकडा तसाच ठेवला. पाचवीतल्या एका मुलीने बोट ठेवून मला विचारले, "काका, ऐंशी रुपयांत तर सायकलची ट्यूबपण येत नाही. मग हे खरं नाही ना?" त्या मुलीला पंक्चरच्या दुकानातले भाव माहीत होते, कारण ते दुकान तिच्या मामाचे आहे. पैशांविषयीच्या पुस्तकातला पहिलाच आकडा खोटा निघाला, तर पुढच्या शंभर पानांवर मुलाने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर मला देता आले नाही. ते संपादकांनी द्यावे.

फाटक, अंगण, दर आठवड्याला मिळणारा पॉकेटमनी, आणि तो वाटून ठेवण्यासाठी कपाटावर मांडलेल्या तीन बरण्या, असे या पुस्तकांमधले जग आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांचे जग निराळे आहे. एकाचे वडील कोइंबतूरला गलाईच्या धंद्यात आहेत. खानापूर, आटपाडी भागातली शेकडो घरे सोने-चांदी गाळण्याच्या या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत, आणि दुष्काळी माळावरून उठून, अनोळखी भाषेच्या गावात जाऊन, केवळ सचोटीच्या बळावर परक्या सराफाचे सोने ज्यांच्या मुशीत विश्वासाने पडते, त्यांच्याहून मोठा उद्योजक मुलांना कुठून आणून दाखवायचा? दुसऱ्या एका मुलीच्या घरी बेदाण्याची शेड आहे. चार किलो द्राक्षे वाळली की साधारण एक किलो बेदाणा हाती येतो, हे तिला ठाऊक आहे. पण त्या चार किलोंच्या बागेचा, औषधाचा, मजुरीचा आणि शीतगृहाच्या भाड्याचा खर्च त्या एका किलोतून कसा वसूल व्हायचा, हे गणित तिला कोणीच मांडून दिलेले नाही. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते मानांकन काय असते, त्याने मालाला काय फरक पडतो, यावर सोळा पानांचे एक चित्रपुस्तक मला सापडले तर मी ते स्वखर्चाने घेऊन वाटीन. मला ते सापडलेले नाही.

दुसरी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. या बावीस पुस्तकांत कर्ज नाही. बचत आहे, गुंतवणूक आहे, नफा तर पानोपानी आहे. पण कर्ज, व्याज, उचल, तारण, जामीन, थकबाकी यांपैकी एकही शब्द मला भेटला नाही. ज्या घरांत महिन्याची सुरुवातच हप्त्याने होते, त्या घरांतल्या मुलांना दिलेल्या पुस्तकांची ही स्थिती आहे.

एका शनिवारी मी पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर दोन उदाहरणे लिहिली. दहा हजार रुपये मुद्दल, मुदत एक वर्ष. पहिल्यात व्याज द.सा.द.शे. ३, दुसऱ्यात आमच्या गल्लीच्या भाषेत 'शेकडा तीन'. मुलांनी दोन्हींचे उत्तर तीनशे रुपये काढले. मी म्हटले, दुसरे चुकले. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "पण काका, दोन्हीकडे तीनच आहे." मग त्यांना सांगावे लागले की गणिताच्या पुस्तकातले तीन वर्षाचे असते आणि खासगी सावकाराचे तीन महिन्याचे. वर्षाला ते ३६ टक्के होते, म्हणजे तीनशेऐवजी ३,६०० रुपये. आणि व्याज न देता ते दरमहा मुद्दलात मिळवत गेले तर बारा महिन्यांनी देणे सुमारे १४,२५८ रुपयांवर जाते. वर्ग एकदम शांत झाला. दोन-तीन मुलांच्या चेहऱ्यावरून मला कळले की हा 'शेकडा' शब्द त्यांनी घरात, रात्री, मोठ्यांच्या दबक्या आवाजात ऐकलेला आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे, त्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, हेही त्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. सातवीच्या मुलाला समजणारी ही गोष्ट आहे. ती पुस्तकात का नसावी?

त्यानंतरच्या शनिवारी मी दुकानातली एक जुनी पट्टी, शेतकऱ्याचे नाव झाकून, वर्गात नेली. वर पोत्यांची संख्या आणि वजन, त्याखाली दर, हळकुंडाचा वेगळा आणि गड्ड्याचा (मूळ कंदाचा) वेगळा, मग एकूण रक्कम. त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, आणि शेवटी लागवडीच्या वेळी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वजा. मुलांनी एकेक ओळ मोठ्याने वाचत वजाबाकी केली. शेवटी बाकी उणे आली. "म्हणजे हळद देऊनसुद्धा त्या शेतकऱ्याकडेच बाकी राहिली?" असे एकाने विचारले, आणि मी होय म्हणालो. मी स्वतः अशा पट्ट्या लिहिल्या आहेत. नऊ महिने शेतात उभे असलेले पीक, शिजवून, वाळवून, पॉलिश करून यार्डात आले आणि कागदावर 'नावे बाकी' उरली, हे ज्याने हाताने लिहिले आहे, त्याला 'मेहनत करा, श्रीमंत व्हा' असे वाक्य मुलांना वाचून दाखवणे जड जाते. ऊसतोडीसाठी आलेल्या कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून घेतलेली उचल, कारखान्याला ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळावे असा नियम, प्रत्यक्षात बिलाची पाहिली जाणारी वाट. हे सगळे आमच्या जिल्ह्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर चाललेले अर्थशास्त्र आहे.

या तक्रारीमागे माझे घरचे दुःखही आहे, ते लपवत नाही. माझी थोरली बहीण शिवणकाम करते. पै-पै करून जमवलेले चाळीस हजार रुपये तिने तीन वर्षांत दामदुप्पट देणाऱ्या एका योजनेत ठेवले. पावती तिने मला दाखवली होती. मी रोज लाखांचे हिशेब लिहिणारा माणूस. पण त्या दिवशी माझ्याही मनात साधा आडाखा आला नाही. ७२ ला वर्षांनी भागावे, म्हणजे पैसे दुप्पट व्हायला अंदाजे किती टक्के व्याज लागेल ते कळते. ७२ भागिले ३ म्हणजे २४. जी योजना दरवर्षी चोवीस टक्के देण्याचे वचन देते, ती ते पैसे कुठून आणणार, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. वर्षभरात त्या कार्यालयाला कुलूप लागले. ताईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. हा आडाखा भागाकार येणाऱ्या कोणत्याही मुलाला पाच मिनिटांत शिकवता येतो, आणि तो शिकलेली एक मुलगी घरात असती तर कदाचित ती पावती फाडलीच गेली नसती.

त्याच्याच जोडीने सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना मात्र लागू नाही. आमच्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि रोजची छोटी बचत गोळा करायला दारावर येणारा पिग्मी एजंट हा घरातलाच माणूस वाटतो. पिग्मी ही पद्धत चांगलीच आहे. उडुपीच्या एका बँकेने १९२८ साली रोजच्या दोन आण्यांपासून ती सुरू केली, आणि हातावर पोट असलेल्यांना बचतीची सवय लावण्यात तिचा वाटा मोठा आहे. पण ते पैसे बँकेत जातात की पतसंस्थेत, हे मुलाने आईला विचारावे एवढे तरी पुस्तकाने त्याला शिकवावे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना आहे आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये त्याविषयी पुन्हा सूचना दिल्या आहेत. आमच्या वर्गात हे एकालाही माहीत नव्हते, शिक्षकांनाही नव्हते.

तिसरी तक्रार अपयशाविषयी आहे. पुस्तकांतल्या प्रत्येक मुलाचा धंदा चालतो. कोणाचा माल अंगावर पडत नाही, उधारी बुडत नाही, रॅकवर वाळत घातलेल्या द्राक्षांवर अवकाळी पाऊस येऊन माल काळा पडत नाही. याच जिल्ह्यात कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. बेळगावहून उठावे लागलेल्या या माणसाला औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. पण त्याआधीची गोष्ट मुलांना अधिक कामाची आहे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला सुमारे दोन वर्षे लागली. ही गोष्ट सांगितल्यावर वर्गातून पहिला प्रश्न आला, "मग दोन वर्षं ते काय खात होते?" उद्योगाविषयी इतका नेमका प्रश्न मी मोठ्यांच्या सभेतही ऐकलेला नाही. भांडवल, उधारी, ग्राहकाचा विश्वास, सारे त्यात आले. पुढे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे भाऊराव पाटील हे काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरत, हे ऐकून तर मुलांचे डोळे मोठे झाले. १९१९ साली साताऱ्यातल्या काले गावी ती संस्था सुरू झाली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिले. पैसा कशासाठी मिळवायचा आणि कशावर खर्च करायचा, याचा विचार करायला लावणारी ही माणसे आमच्या शेजारची आहेत, आणि तुमच्या पुस्तकांत त्यांना एक परिच्छेदही नाही.

चौथी तक्रार बायकांची, आणि ती माझ्यापेक्षा शाळेतल्या मुलींनीच आधी केली. पुस्तकांत मुली केक भाजतात किंवा बांगड्या करतात. कारखाना, दुकान आणि बँक मुलांकडे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने रिझर्व्ह बँकेकडे केलेला परवान्याचा पहिला अर्ज, सभासद महिला निरक्षर आहेत म्हणून नामंजूर झाला होता. बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, "कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावे." हा प्रसंग मी तीन वेळा सांगितला आणि तिन्ही वेळा मुलींनी तो पुन्हा सांगायला लावला.

मजुरीकडे पाहण्याची या पुस्तकांची दृष्टी माझ्या मनाला विशेष लागली. 'दुसऱ्याकडे काम करणारा माणूस मोठे स्वप्न पाहत नाही' अशा अर्थाचा सूर किमान सहा पुस्तकांत आहे. माझ्या वाचनवर्गात यार्डातल्या एका हमालाची मुलगी बसते. तिचे वडील पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन दिवसभर थप्पी लावतात. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालांच्या मजुरीची रीतसर नोंद होऊ लागली, भविष्य निर्वाह निधीची सोय झाली. संघटित होऊन हक्काचा पैसा मिळवणे हेही पैशांचे व्यवस्थापनच आहे. ज्या पानावर मजुरीविषयी तो सूर होता, ते पान मी त्या मुलीसमोर वाचले नाही. उलटून पुढे गेलो. मुलांसाठीचे पुस्तक वाचताना पान गाळण्याची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली.

किमतीविषयी थोडक्यात सांगतो. बत्तीस पानांचे गुळगुळीत कागदाचे पुस्तक तीनशे रुपयांना असेल, तर काटकसर शिकवणारे ते पुस्तक काटकसर करणाऱ्या घरात कधीच जाणार नाही. दोन पुस्तकांच्या शेवटच्या पानावर वित्तीय कंपन्यांच्या योजनांची जाहिरात आहे. मुलांच्या पुस्तकात ती मुळीच नको.

आता मागण्या. त्या रोखठोक मांडतो, राग मानू नये.

प्रकाशकांनी पुढच्या दोन वर्षांत या विषयावर अनुवाद कमी आणि अस्सल मराठी पुस्तके अधिक काढावीत, आणि लेखकाला विषय देताना बाजार, शेड, गलाई, पतसंस्था, बचत गट, कारखाना येथे चार दिवस घालवण्याचा खर्चही द्यावा. अनुवाद करायचाच असेल तर चलन, भाव, व्याजदर, कायदे हे सगळे आपल्याकडचे घालून, हिशेब जाणणाऱ्या एका माणसाकडून तपासून घ्यावेत. त्या माणसाचे नाव पुस्तकात छापावे, म्हणजे चूक झाली तर कोणाला विचारायचे ते कळेल. कर्ज आणि व्याज हा भाग पाचवीच्या पुढच्या प्रत्येक अशा पुस्तकात असलाच पाहिजे. निदान एका गोष्टीत धंदा बुडावा, आणि बुडाल्यावर ते घर पुढे कसे उभे राहिले तेही सांगावे.

निवड समित्यांना माझी विनंती आहे की पेटी कायम करण्याआधी त्यातली पुस्तके एका शाळेत महिनाभर मुलांकडून वाचून घ्यावीत आणि मुलांनी विचारलेले प्रश्न लिहून प्रकाशकांकडे पाठवावेत. जो संच सध्या विचाराधीन आहे तो आहे त्या स्वरूपात घेऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेले आहेत, ज्यांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे अशी कल्पना आहे. त्यातला एक दिवस सांगलीत यार्डात, तासगावात बेदाण्याच्या सौद्यात, विट्यात गलाईवाल्यांकडे आणि म्हसवडला बँकेत जावा, आणि त्या दिवसाला जोडून वाचता येईल असे पुस्तक पेटीत असावे.

हळदीचा नवा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो. आपल्यापैकी कोणी लेखक किंवा चित्रकाराला पाठवणार असाल तर त्या दिवसांत पाठवा. सौदे चालू असतात, काटा दिवसभर मोकळा नसतो आणि माल पाहायला, माणसांशी बोलायला तीच वेळ योग्य आहे. व्यापारी, तोलाईदार आणि हमाल बंधूंशी मी बोलून ठेवले आहे, कोणाची हरकत नाही. मुलांना वर्गात भरता येतील म्हणून कोऱ्या पट्ट्यांची दोन बुके मी दुकानाच्या मालकांकडून मागून घेतली आहेत. त्यांतले एक शाळेत दिले. दुसरे येणाऱ्या लेखकासाठी माझ्या मेजाच्या खणात ठेवले आहे.

आपला नम्र,
मार्केट यार्डातील एक दिवाणजी
सांगली